पाइपलाइन फुटली तर तेल गाठायचे कुठे? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मुंबईहून मनमाडमार्गे इंदूर-दिल्लीकडे आणि मुंबईहून पुणे-सोलापूरकडे पेट्रोल-डिझेल वर्षानुवर्षे जमिनीखालून जाते. या वाहिन्या ज्या तालुक्यांतून जातात, तिथल्या आपत्ती आराखड्यात ‘पाइपलाइन’ हे प्रकरण पुष्कळदा दीड पानात आटोपलेले असते. त्यावर मागच्या अंकात लिहिले, तेव्हा महसूल, नगरपालिका आणि पाणीपुरवठ्यातल्या वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले, काही शेतकऱ्यांनीही. त्यातले निवडक इथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या तालुक्यातल्या अकरा गावांतून पाइपलाइन जाते. आराखडा अद्ययावत करायचे काम माझ्याकडे आले आहे. कंपनीचा स्वतःचा आपत्कालीन आराखडा आहेच, मग आम्ही वेगळे काय लिहायचे? (नायब तहसीलदार)

कंपनीला पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाच्या २०१० च्या नियमांनुसार असा आराखडा ठेवावाच लागतो. पण त्याचा भर पाइपवर असतो : पंप बंद करणे, व्हॉल्व्ह बंद करणे, क्लॅम्प बसवणे. तेल पाइपमधून बाहेर पडून चारीत, चारीतून मोरीत, मोरीतून नाल्यात गेले की ते तुमच्या हद्दीत आले. कंपनीची गाडी साहित्यासह पोचेपर्यंत सहज दोन तास जातात. त्या दोन तासांत कोण काय करणार, एवढेच तुमच्या आराखड्यात असले तरी पुरे.

कंपनीकडून जाडजूड पुस्तक मागवू नका. ते मिळेल आणि कपाटात जाईल. नेमके मागा : तालुक्यातल्या प्रत्येक व्हॉल्व्हचे चेनेज (पाइपलाइनच्या सुरुवातीपासूनचे अंतर), तो नियंत्रण कक्षातून बंद होतो की हाताने, हाताने असेल तर किल्ली कोणाकडे आणि तो माणूस किती मिनिटांवर राहतो, पाइपलाइनचा उंचसखलपणा दाखवणारा आलेख, आणि तरंगते अडसर, पंप, फोम नेमके कोणत्या ठाण्यावर आहेत. उंचसखलपणाचा आलेख सहसा कोणी मागत नाही. पुढच्या उत्तरातला सगळा हिशेब मात्र त्यावरच उभा आहे.

मग तलाठी आणि लाइन वॉकर (पाइपलाइनवरून चालत पाहणी करणारा कंपनीचा माणूस) यांना बरोबर घेऊन चालत फिरा. पाइपलाइन मोठी नदी ओलांडते ती जागा सगळ्यांना ठाऊक असते. घात होतो तो नकाशात नाव नसलेल्या ओढ्यांनी. प्रत्येक मोरीपाशी एकच प्रश्न विचारायचा : इथे पडलेले पाणी पुढे कुठे जाते? उत्तर गुराख्याला माहीत असते. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगांतून तेल खाली मुरते आणि विहिरीकडे जाते. पावसाळ्यात तीच जमीन भिजून गच्च असते, म्हणून तेल वरून वाहत थेट नाल्यात उतरते. एकाच जागेचे हे दोन वेगळे प्रसंग आहेत, आराखड्यात दोन्ही लिहा.

जाता जाता सातबारेही पाहा. १९६२ च्या कायद्यानुसार पाइपलाइनच्या पट्ट्यात पीक घेता येते. घर, विहीर, तळे किंवा झाड चालत नाही. इतर हक्कात ही नोंद राहून गेली असेल, तर नवा मालक एक दिवस त्याच पट्ट्यात जेसीबी लावतो.

प्रश्न : किती तेल सांडेल असे धरून तयारी करायची? कंपनीचे अधिकारी ‘किरकोळ गळती’ म्हणतात. (जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष)

हिशेब तुम्हीच करा, अर्ध्या तासाचे काम आहे. अमेरिकेच्या नियमात यासाठी सोपी पद्धत आहे : गळती कळायला लागणारा वेळ आणि पंप बंद व्हायला लागणारा वेळ यांची बेरीज करून ती प्रवाहाने गुणायची, आणि पंप बंद झाल्यावर उतारामुळे पाइपातून निथळणारे तेल त्यात मिळवायचे.

समजा, १८ इंची पाइप आहे. आतला व्यास साधारण ४४३ मिलिमीटर, म्हणजे एका किलोमीटरमध्ये सुमारे १ लाख ५४ हजार लिटर तेल. प्रवाह ताशी ६०० किलोलिटर धरला, तर मिनिटाला १० हजार लिटर. कळायला आणि थांबवायला मिळून २० मिनिटे लागली, तर २ लाख लिटर गेले. आता उंचसखलपणाचा आलेख काढा. दोन व्हॉल्व्हमध्ये १२ किलोमीटर अंतर असले तरी सगळे तेल निथळत नाही. फुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना जेवढा पाइप तिच्याकडे उतरता आहे तेवढाच निथळतो. तो ४ किलोमीटर भरला, तर आणखी ६ लाख १६ हजार लिटर. एकूण ८ लाखांच्या वर, म्हणजे २० हजार लिटरचे चाळीस टँकर. व्हॉल्व्ह बंद केला म्हणजे गळती थांबली, हा समज इथे मोडतो.

‘किरकोळ गळती’चीही वेगळी भीती आहे. प्रवाहाच्या साधारण एक टक्क्याखालची गळती नियंत्रण कक्षातल्या संगणकाला अनेकदा दिसत नाही. ६०० चा एक टक्का म्हणजे ताशी ६ हजार लिटर, दिवसाला १ लाख ४४ हजार. चोरीसाठी पाइपला भोक पाडून बसवलेली तोटी नीट बंद झाली नाही की नेमके असेच होते. अशी गळती लाइन वॉकरच्या किंवा शेतकऱ्याच्या नाकालाच आधी कळते. म्हणून वास आला तर फोन कुठे करायचा, हे गावात माहीत असणे ही यंत्रणेची चैन नव्हे, तिचा भागच आहे.

प्रश्न : नदीत तेल अडवण्याच्या जागा कशा ठरवायच्या? आमच्या नदीवर तीन कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, त्यांचा उपयोग होईल का? (उपअभियंता, जलसंधारण)

या स्तंभाकडे आलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न, म्हणून उत्तर लांबणार.

आधी वेग मोजा. काठावर ३० मीटर अंतर खुणेने धरा, प्रवाहाच्या मध्यात एक संत्रे टाका, वेळ घ्या. ६० सेकंद लागले तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. विसर्ग काढताना तुम्ही पृष्ठवेगाला ०.८५ ने गुणता, तसे इथे करायचे नाही. तेल पृष्ठभागावरच चालते. वाऱ्याच्या वेगाचे साधारण तीन टक्के त्यात मिळवायचे किंवा वजा करायचे. सेकंदाला अर्ध्या मीटरने तेल दोन तासांत ३.६ किलोमीटर जाते. पावसाळ्यात सेकंदाला २ मीटर झाले की १४ किलोमीटरच्या पुढे. त्यामुळे जानेवारीतली अडवण्याची जागा जुलैत निरुपयोगी ठरते. मोजणी जूनअखेर, सप्टेंबर आणि जानेवारी अशी तीनदा करा. आपण पोचू तेव्हा तेल अजून वरच असेल, अशीच जागा निवडायची. तेलामागे धावत जाऊन कोणी तेल अडवलेले नाही.

तरंगता अडसर, म्हणजे बूम, नदीला काटकोनात टाकला तर सेकंदाला सुमारे ०.३५ मीटर वेगाच्या वर तेल त्याच्या पाण्यात लोंबणाऱ्या झालरीखालून निसटते. म्हणून तो तिरका टाकतात. लांबीचा सोपा हिशेब : नदीची रुंदी गुणिले वेग, भागिले ०.३५. नदी ४० मीटर आणि वेग अर्धा मीटर असेल तर ५७ मीटर. काठाला बांधायची जागा धरून ६५ मीटर ठेवा. वेग एक मीटर झाला की ११४. दोन मीटरला २२८ मीटर होतात, तो नाद सोडा आणि खालच्या संथ डोहाकडे चला. बूमचे खालचे टोक जिथे काठाला लागेल तिथेच तेल साचते, म्हणून त्या काठापर्यंत टँकरचा रस्ता हवा. नकाशावर सुरेख दिसणाऱ्या निम्म्या जागा इथेच बाद होतात : काठ दहा फूट उभा, किंवा वाटेत उसाचे रान.

ओढ्यासाठी बूमपेक्षा मातीचा बांध बरा, पण त्यातून खालून पाणी जाऊ द्यायचे. विसर्ग सेकंदाला २०० लिटर असेल तर ३०० मिलिमीटरचे तीन पाइप लागतात, कारण एक पाइप एक मीटर वेगाने सुमारे ७० लिटर नेतो. चार टाका. वरच्या बाजूचे तोंड तळाशी आणि खालच्या बाजूचे तोंड उंच ठेवायचे, म्हणजे बांधामागे पाणी पाइपाच्या तोंडावर किमान ३० सेंटिमीटर राहते आणि तेल वर तरंगत अडकते. दोन्ही तोंडे सारख्याच खाली ठेवली की तळे पाइपाच्या तोंडापर्यंत उतरते, तिथे भोवरा धरतो आणि सगळे तेल त्यातून निघून जाते. बांध वाया जाण्याचे सगळ्यात नेहमीचे कारण हे. आणि बांध पाइपलाइनच्या पट्ट्यात घालू नका. जेसीबीच्या दातांपासून पाइप जेमतेम मीटर-सव्वा मीटर खाली असतो.

आता तुमचे बंधारे. ते आहेत तसे वापरले तर उलटाच परिणाम होतो. बर्गे म्हणा, ढापे म्हणा, बंधाऱ्याच्या गाळ्यांतल्या या आडव्या फळ्या खालून वर एकावर एक बसतात आणि तळे भरले की पाणी माथ्यावरून सांडते. माथ्यावरून आधी काय जाणार? तेल. आपल्याला नेमके उलटे हवे : खालून फट, वरून बंद. त्यासाठी एक-दोन गाळ्यांतले सगळे बर्गे काढून, खाचेत तळाशी दोन्हीकडे लोखंडी ठोकळे ठेवून, त्यावर बर्गे परत बसवायचे. पाणी खालून जाते आणि पातळी माथ्याच्या खाली उतरते. ठोकळे आधीच करून ठेवलेले हवेत. बंधारा पूर्ण भरलेला असताना बर्गा पाण्याच्या दाबाने खाचेत असा काही बसतो, की चेन पुलीशिवाय हलत नाही. एका गाळ्याला किती वेळ लागतो हे एकदा करून, घड्याळ लावून पाहा, आणि तोच आकडा आराखड्यात लिहा. रबराचे सील तेलाने फुगतात, नंतर ते बदलावे लागतील असे गृहीत धरा. पावसाळ्यात बर्गे काढलेलेच असतात, तेव्हा हा मार्ग नाहीच.

आणखी एक : साठवलेले पाणी सोडायला लावणे म्हणजे रब्बीत भांडणाला आमंत्रण. जलसंपदा विभागाची संमती आणि पाणीवापर संस्थेशी बोलणे दोन्ही आधीच उरकून ठेवा.

प्रश्न : पेट्रोल असो वा डिझेल, कृती एकच ना? (अग्निशमन विभाग, नगरपरिषद)

नाही. वर जे अडवणे-साचवणे लिहिले ते डिझेल, केरोसीन आणि कच्च्या तेलासाठी. पेट्रोल वस्तीजवळ अडवून साचवणे म्हणजे वाफेचे तळे तयार करणे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती नाल्यात, गटारात, विहिरीत उतरून बसते आणि हवेत जेमतेम दीड टक्का असली तरी पेट घेते. २०११ साली नैरोबीतल्या सिनाई झोपडपट्टीत पेट्रोल गटारात उतरून पेटले आणि शंभराच्या आसपास माणसे गेली. पेट्रोल असेल तर पहिले काम माणसे हलवणे. सुरुवातीला सगळीकडून ५० मीटर मोकळे करा. सांडलेले जास्त असेल तर वाऱ्याच्या दिशेने किमान ३०० मीटर. तुम्ही स्वतः वाऱ्याच्या वरच्या आणि जमिनीच्या चढाच्या बाजूने जायचे. रस्ता दोन्ही टोकांनी बंद. मोटारसायकलींना सूट नाही. जेसीबी आणि मैला उपसणारा सक्शन टँकर पेट्रोलजवळ आणायचे नाहीत, ते ज्वालारोधक नसतात.

वीज तोडताना हमखास होणारी चूक म्हणजे कोणीतरी धावत जाऊन डीपीवरचा खटका ओढतो. वाफेत तीच ठिणगी पुरते. फीडर, म्हणजे त्या भागाची वीजवाहिनी, उपकेंद्रातूनच बंद करायला सांगा. उपकेंद्राच्या ऑपरेटरचा नंबर आणि फीडरचे नाव आराखड्यात हवे.

फोमचा हिशेब : जमिनीवर सांडलेल्या तेलाच्या आगीला पाणी आणि फोमचे मिश्रण दर चौरस मीटरला मिनिटाला ४.१ लिटर, सलग १५ मिनिटे. आग २०० चौरस मीटरवर असेल तर १२,३०० लिटर मिश्रण, आणि तीन टक्के फोम वापरला तर ३६९ लिटर फोम. म्हणजे दोनशे लिटरची दोन पिंपे. तुमच्या बंबावर किती आहे ते आजच पाहा. इथेनॉल सहसा डेपोत मिसळतात, त्यामुळे पाइपलाइनमधल्या पेट्रोलला साधा एएफएफएफ, म्हणजे तेलावर पातळ थर धरणारा फोम चालतो. डेपोतून निघालेल्या पेट्रोलच्या टँकरमध्ये मात्र ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल असते, त्याला अल्कोहोलला टिकणाराच फोम लागतो. साधा फोम त्यावर विरघळून जातो. दोन्ही प्रकारच्या पिंपांवर कोणता फोम आहे ते मोठ्या अक्षरांत लिहा.

आगीपेक्षा अवघड असते गर्दी. १८ जानेवारी २०१९ ला मेक्सिकोत त्लावेलिल्पान इथे चोरीच्या भोकातून पेट्रोलचे कारंजे उडाले. शेकडो लोक बादल्या, कॅन घेऊन आले; लष्कराचे जवान हजर असूनही त्यांना रोखू शकले नाहीत. सुमारे दोन तासांनी स्फोट झाला आणि १३० हून अधिक लोक मेले. ‘लोकांना दूर ठेवावे’ एवढ्याने आराखड्यात भागत नाही. कोणत्या फाट्यावर किती पोलीस, पोलीस पाटलाने दवंडीत नेमके काय सांगायचे, हे लिहावे लागते. ‘फुकटचे पेट्रोल’ हे शब्द उच्चारायचे नाहीत. ‘वाफ पेटते, कपड्यांत भरते’ असे सांगायचे.

प्रश्न : गळती झाली तर सगळ्या कामाचा प्रमुख कोण? आमच्याकडे खाडीही आहे. (उरण परिसर)

जमिनीवर जिल्हाधिकारी, ते जिल्हा आपत्ती प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि रासायनिक अपघातांच्या १९९६ च्या नियमांखालच्या जिल्हा संकट गटाचेही. त्या गटाची बैठक दर ४५ दिवसांनी व्हायला हवी, तिथे पाइपलाइनचा विषय लावून घ्या. समुद्रात तेल गेले की समन्वय तटरक्षक दलाचा, राष्ट्रीय तेलगळती आराखड्यानुसार : ७०० टनांपर्यंत पहिला स्तर, १०,००० टनांपर्यंत दुसरा, त्यापुढे तिसरा. बंदराच्या हद्दीत बंदराची जबाबदारी. किनारा आणि तिवरे साफ करणे मात्र राज्याकडे. खाडीच्या कोणत्या पुलापाशी जबाबदारी हातची सुटते ते आधी ठरवले नाही, तर त्या दिवशी दोन्हीकडचे लोक त्याच पुलावर उभे राहून फोन करत राहतील.

प्रश्न : पाइपलाइन आमच्या शेतापासून दोनशे फुटांवर आहे. विहिरीच्या पाण्याला डिझेलसारखा वास येतो. काय करू? (शेतकरी, नाशिक जिल्हा)

विहिरीवरची मोटर चालू करू नका, आत दिवा किंवा विडी नको आणि कोणालाही आत उतरवू नका. पिणे, गुरांना पाजणे बंद. पाइपलाइनच्या खुणेच्या खांबावर कंपनीचा फोन आणि चेनेज असते. तिथे, तसेच ११२ वर कळवा. वेळ लिहून ठेवा.

नमुना काचेच्या बाटलीत घ्यायचा, काठोकाठ भरून, आत हवा न ठेवता, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवायचा. प्लास्टिकच्या बाटलीत अर्धा नमुना भरला की वास आणि पुरावा दोन्ही उडून जातात. तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. भरपाईसाठी १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे पाच वर्षांच्या आत अर्ज करता येतो, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडेही दाद मागता येते, त्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे.

प्रश्न : आमची जॅकवेल (नदीतून पाणी उपसायची विहीर) पाइपलाइनच्या खाली, प्रवाहाच्या दिशेने सहा किलोमीटरवर आहे. तेल वर तरंगते आणि आमचा उपसा तळातून आहे, मग धोका किती? (पाणीपुरवठा)

तरंगणाऱ्याचा कमी, विरघळणाऱ्याचा जास्त. पेट्रोलमध्ये बेंझिन, म्हणजे पाण्यात विरघळणारे एक विषारी द्रव्य, कमाल एक टक्का असू शकते. तेवढे धरले, तर एका लिटर पेट्रोलमधले बेंझिन हिशेबाने जवळपास ८ लाख ८० हजार लिटर पाणी जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेपर्यंत, म्हणजे लिटरला १० मायक्रोग्रॅमपर्यंत, नेऊ शकते. तुरटीने ते जात नाही. पंप लगेच बंद करायचा. आणि तो बंद करण्याचा अधिकार रात्रपाळीच्या ऑपरेटरला लेखी द्या; साहेबांचा फोन लागेपर्यंत थांबायचे नाही. उंच टाकीतले पाणी किती तास पुरते तो आकडा पहिल्या पानावर लिहा.

प्रश्न : रंगीत तालीम दरवर्षी होते, फोटोही निघतात. त्यात काय बदलावे? (निवासी उपजिल्हाधिकारी कार्यालय)

सुरुवात बदला. तालीम नेहमी ‘गळती झाली आहे’ इथून सुरू होते. खऱ्या घटनेत पहिला तास ‘गळती आहे का?’ यातच जातो. २५ जुलै २०१० च्या संध्याकाळी अमेरिकेत मिशिगनमधल्या मार्शलजवळ पाइपलाइन फुटली. लोकांनी वासाचे फोन केले, अग्निशमनवाले आले, त्यांनी घरगुती गॅसची गळती शोधली आणि परत गेले. इकडे नियंत्रण कक्षाने इशारे चुकीचे वाचले आणि फुटलेल्या लाइनमध्ये दोनदा पुन्हा तेल ढकलले. १७ तासांनी गॅस कंपनीच्या कर्मचाऱ्याने तेल डोळ्यांनी पाहून कळवले. तोवर ३० लाख लिटरच्या वर जड तेल ओढ्यातून कालामाझू नदीत गेले, आणि त्यातले पुष्कळसे पुढे तळाशी बसले.

म्हणून तालमीची सुरुवात रविवारी पहाटे तीन वाजता, कोणाला न सांगता, एका पोलीस पाटलाच्या फोनने करा : ‘नाल्याला रॉकेलसारखा वास येतोय.’ मग फक्त मिनिटे मोजा. पाइपलाइन कंपनीला कधी कळले? व्हॉल्व्हची किल्ली कधी निघाली? जॅकवेलला कोणी कळवले? यादीतले किती नंबर लागले? बदली झालेल्यांचे नंबर अशाच वेळी सापडतात.

आणि आराखड्याच्या फाइलऐवजी प्रत्येक अडवण्याच्या जागेचे एकच प्लास्टिक चढवलेले पान करा, जे रात्री बॅटरीच्या उजेडात वाचता येईल. नमुना असा :

‘नाला क्र. ४, रस्त्याची मोरी. पाइपलाइनपासून २.१ किमी खाली. डिसेंबरमध्ये तेल येण्यास ७० मिनिटे. जुलैत १८ मिनिटे, म्हणून पावसाळ्यात ही जागा सोडून थेट जागा क्र. ७. काम : खालून पाणी जाणारा मातीचा बांध, ३०० मिमीचे ४ पाइप, २०० गोणी. पाइप ग्रामपंचायतीच्या गोदामात. किल्ली शिपायाकडे, दुसरी सरपंचांकडे. जेसीबी : गावात दोन. टँकर डाव्या काठाने येतो, उजवा काठ दलदलीचा. वस्ती १५० मीटरवर : पेट्रोल असेल तर बांध घालू नये, वस्ती हलवावी.’